समुद्रावर कायदा राबवायचा कोणी?

प्रश्न : मी वेसाव्यात राहतो आणि कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'सी शेफर्ड' ही संघटना संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या निसर्गविषयक जागतिक सनदेचा आधार सांगून व्हेलशिकारी जहाजे अडवत आली आहे. त्या सनदेने खाजगी व्यक्तींना असा अधिकार खरोखर दिला आहे का? दिला असेल, तर बंदी असूनही एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या पर्ससीन बोटींची (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढणाऱ्या बोटींची) जाळी आम्ही कापल्यास तोच आधार आम्हाला घेता येईल का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : सनदेच्या एकविसाव्या परिच्छेदात राज्यांबरोबरच व्यक्ती आणि गट यांनीही आपापल्या कुवतीप्रमाणे निसर्गरक्षणाच्या लागू आंतरराष्ट्रीय तरतुदी अमलात आणाव्यात, असे म्हटले आहे, आणि 1977 मध्ये संघटना स्थापन करणारे पॉल वॉटसन याच वाक्यावर बोट ठेवत आले. अडचण अशी की ही सनद म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव आहे, करार नव्हे. त्यामुळे ती कोणाला बांधील करत नाही आणि कोणाच्या हाती पोलिसाचा दंडुकाही देत नाही. त्याच वर्षीच्या सागरी कायद्याच्या करारानुसार खुल्या समुद्रात जहाजावर सामान्यतः त्याच्या ध्वजराष्ट्राचीच, म्हणजे ज्या देशात ते नोंदले आहे त्याचीच, हुकमत चालते. परक्या जहाजावर चढून तपासणी करण्याचा हक्क युद्धनौकांना किंवा अधिकार दिलेल्या सरकारी जहाजांना आहे, तोही चाचेगिरी, गुलामांची वाहतूक अशा मोजक्या कारणांसाठी, आणि त्या यादीत व्हेलची शिकार नाही.

उलट, असा अडथळा आणणाऱ्यांवरच चाचेगिरीचा ठपका येऊ शकतो. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने 2013 मध्ये 'सी शेफर्ड'विरुद्ध तसे म्हटले. चाचेगिरीच्या व्याख्येतील 'खाजगी हेतू' या शब्दांत नैतिक किंवा तात्त्विक हेतूही येतात, असा अर्थ त्या न्यायालयाने लावला. मला तो ताणलेला वाटतो, कारण लुटीसाठी केलेला हल्ला आणि व्हेल वाचवण्यासाठी केलेला अडथळा यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. पण आपल्या पक्षकाराला धीर देताना वकिलाने हा निकाल विसरून चालणार नाही. जपानच्या दक्षिण महासागरातील व्हेलशिकार कार्यक्रमाचे परवाने रद्द करण्याचा आदेश निघाला तोही हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातून, 31 मार्च 2014 रोजी, 12 विरुद्ध 4 मतांनी, आणि दावा ऑस्ट्रेलिया या राष्ट्राचा होता.

तरीही खाजगी लोकांनी हातावर हात ठेवून बसावे, असे मी म्हणणार नाही. 'थंडर' या बेकायदा मासेमारी करणाऱ्या जहाजाचा याच संघटनेने डिसेंबर 2014 पासून 110 दिवस, अंटार्क्टिकाच्या बर्फापासून गिनीच्या आखातापर्यंत, पाठलाग केला. पळताना त्याने समुद्रात सोडून दिलेले सुमारे 72 किलोमीटर जाळे संघटनेच्याच दुसऱ्या जहाजाने गोळा करून पुरावा म्हणून अधिकाऱ्यांच्या हवाली केले. शेवटी 'थंडर' साओ टोमेजवळ बुडाले, पाठलाग करणाऱ्यांनीच त्यावरील 40 जणांना वाचवले, आणि कप्तानासह अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती साओ टोमेच्या न्यायालयात. पुढे 2016 पासून गॅबॉनमध्ये संघटनेने आपल्या जहाजावर त्या देशाचेच अधिकारी घेतले. बोटींवर चढून तपासणी करायची ती त्यांनीच. मला ही रीत अधिक टिकाऊ वाटते.

आता आपल्या जाळ्यांविषयी. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू असून त्याची अंमलबजावणी मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांकडे आहे. बोट बंदी मोडत असली तरी तिचे जाळे कापणे हा मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हाच ठरेल, शिवाय रात्रीच्या अंधारात दोन बोटींचे खलाशी समोरासमोर आले की काय होते, हे आपल्या घरातल्या जुन्या तांडेलांना (बोटीच्या प्रमुखांना) विचारावे. बोटीचा नोंदणी क्रमांक, वेळ, जीपीएसवरील ठिकाण आणि दिव्यांचे चित्रण अशी तक्रार दोन-तीन बोटींच्या तांडेलांनी मिळून दिली, तर ती फेटाळणे अवघड जाते. कासव, डॉल्फिन किंवा बहिरी माशासारखा (व्हेल शार्कसारखा) संरक्षित जीव मारला गेला असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 55 वाचावे : ठरावीक मुदतीची नोटीस देऊन कोणत्याही व्यक्तीला थेट न्यायालयात तक्रार करता येते. सनदेत आपण जो अधिकार शोधत आहात, त्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद ही आहे.

आणि जाळे कापण्याला कायद्याचे बळ हवेच असेल, तर ते स्वतःच्या जाळ्यापुरते मिळते. अडकलेला संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने आपले जाळे कापले, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने डिसेंबर 2018 मध्ये आणली. मात्र त्यासाठी जीव सोडतानाची छायाचित्रे जोडावी लागतात, म्हणून निघताना मोबाइल चार्ज केलेला असावा.