गच्चीवर काही करत नाही, घरात आणलं की सोफ्यामागे

आधी तुमची अडचण मला जशी कळली तशी मांडते, म्हणजे चुकत असेल तर सांगा. सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. कुत्र्याचं पिल्लू, अडीच महिन्यांची, जेमतेम अडीच किलोची मादी. आई स्पिट्झ जातीची, बाप गल्लीतला. पहिली लस झालीय, पुढची बाकी. गच्चीवर नेलं की वीस मिनिटं हुंगत फिरते, काही करत नाही आणि खाली आणलं की पाच मिनिटांत सोफ्यामागे शू. सासूबाई तिचं नाक त्यात घासून फटका देतात, मग फिनाईलने पुसलं जातं. आणि प्रश्न असा की ही मुळातच हट्टी आहे का.

हट्टी अजिबात नाही. शिकवलेलं तिने चटकन उचललंय, पण शिकवलं गेलं भलतंच. फटक्यातून तिला एवढंच कळलं की माणसासमोर शू केली की मार बसतो. जागा चुकली, हे त्यातून पोचायला काही वावच नाही. म्हणून गच्चीवर तुम्ही समोर आहात तोवर ती दाबून धरते आणि घरात सगळ्यांची पाठ फिरली की सोफ्यामागे मोकळी होते. तेव्हा नाक घासणं, चापट, पेपरची गुंडाळी आपटणं आजपासून बंद. घरातल्या प्रत्येकाने बंद करायचं; एकाने चुचकारायचं आणि दुसऱ्याने मारायचं असं चाललं तर महिनाभरात काहीही हाती लागणार नाही. ऐन शू करताना सापडली तर टाळी वाजवून थांबवा, न ओरडता उचला आणि ठरलेल्या जागी ठेवा. झाल्यावर दिसलं तर मुकाट्याने पुसा.

आता गच्ची. लस पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर किंवा भटकी कुत्री फिरतात त्या मोकळ्या प्लॉटवर खाली सोडू नका, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे गच्चीचा निर्णय बरोबर आहे, पण कोब्याची गच्ची तिच्या लेखी शू करायची जागा नाही. ज्या पृष्ठभागावर पिल्लू पहिले काही आठवडे शू करतं, तोच त्याला पायाखाली हवा असतो, आणि अंगणात वाढलेल्या पिल्लाला माती माहीत असते. कुंड्यांखाली ठेवतात तसला मोठा चपटा ट्रे घ्या, साधारण दोन फूट बाय दीड फूट, काठ दोन-तीन इंचांपेक्षा उंच नको. त्यात दोन इंच वाळू किंवा बारीक मुरूम पसरा. आपली काळी माती घालू नका. ओली झाली की पायांना लगदा चिकटतो आणि तो घरभर उमटतो. तिने घरात केलेली शू टिपलेला फडक्याचा तुकडा पहिले दोन-तीन दिवस वाळूत अर्धा पुरून ठेवा. वास ओळखीचा वाटला की काम निम्मं होतं.

ट्रे गच्चीवर नको, बाल्कनीत ठेवा. एक तर दोन जिने चढेपर्यंत अडीच महिन्यांच्या पिल्लाला धीर नसतो. दुसरं, एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर गच्चीचा कोबा आणि वाळू दोन्ही एवढी तापतात की पंजे भाजतील. हाताचा मागचा भाग पाच सेकंद टेकवून बघा; तुम्हाला सोसत नसेल तर तिलाही नाही. बाल्कनीत ऊन येत असेल तर बारदान बांधून सावली करा.

ट्रेपाशी तिला उचलूनच न्या, चालवत नेलं तर वाटेतच होतं. सैल दोरी लावा, दोन पावलं मागे उभं राहा, तिच्याकडे टक लावून बघू नका, बोलू नका, खेळवू नका. मार खाल्लेल्या पिल्लाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे: अंगाने थोडं वळून, मोबाईल बघत उभं राहिलात तरी चालेल. पाच ते सात मिनिटं. शू सुरू झाली की हलक्या आवाजात एकच ठरलेला शब्द, "शू कर" म्हणा किंवा काहीही, पण घरात सगळ्यांनी तोच. संपल्या संपल्या, दोन सेकंदांच्या आत, तिथेच उभ्या उभ्या खाऊ द्या: उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. आत येऊन डब्यातून काढून दिला तर बक्षीस आत येण्याचं होतं, शूचं होत नाही. म्हणून खाऊ आधीच खिशात हवा. शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडा मात्र देऊ नका, त्यात लसूण असतो. मनुका आणि चॉकलेटही नाही. ही तर विषारीच.

शू झाल्या झाल्या आत आणू नका, दोन मिनिटं तिथे खेळा. केलं की मजा संपते हे पिल्लू लगेच हेरतं आणि मग मुद्दाम लांबवतं. नाहीच केलं तर आत आणून मोकळं सोडायचं नाही. मांडीवर घ्या किंवा पाच फुटांची दोरी स्वतःच्या कमरेला बांधून जवळ ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा ट्रे. तुमच्याकडची सोफ्यामागची शू नेमकी या पंधरा मिनिटांत होते. ही फट बुजवली की निम्म्याहून जास्त अपघात थांबतील.

वेळांचं गणित असं. झोपलेलं पिल्लू वयाचे महिने अधिक एक, एवढे तास धरू शकतं. म्हणजे तुमची जास्तीत जास्त तीन-साडेतीन तास. ही वरची मर्यादा आहे, वेळापत्रक नव्हे. जागी असताना, त्यातही खेळात असताना, दर 45 मिनिटांनी न्या. शिवाय चार वेळा न चुकता: झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री निजण्याआधी. पोटात अन्न पडलं की आतडं हलू लागतं, त्यामुळे शीची वेळ जेवणाच्या वेळेने ठरते. दिवसभर वाटी भरून ठेवलीत तर शीही दिवसभर. तीन वेळा, ठरावीक वेळी द्या आणि पंधरा मिनिटांनी वाटी उचला. दूध-पोळी बंद करा. बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही आणि जुलाब होत असलेल्या पिल्लाला कुठलीही शिस्त लावता येत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन दिवस फक्त वेळा लिहा: खाल्लं, प्यायलं, शू, शी. चौथ्या दिवशी तुम्हीच तिची वेळ सांगाल.

पाणी तोडू नका. संध्याकाळनंतर पाणी देऊ नका असा सल्ला सर्रास मिळतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो धोक्याचा आहे. एवढ्या पिल्लाला दिवसाला साधारण 150 ते 250 मिली पाणी लागतं, उकाड्यात त्याहून जास्त. रात्रीसाठी तिला तुमच्या खोलीत, उभं राहून वळता येईल एवढ्याच जागेत झोपवा. हवा खेळती राहील असा तारेचा पिंजरा चालेल, बंद प्लास्टिकचा नको. रात्री एकदा, दोन-अडीचच्या सुमारास गजर लावून न्या: दिवा मंद, गप्पा नाहीत, परत झोप. तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर अर्ध्या तासाने पुढे सरकवत जा. बाल्कनीत साखळीला मात्र बांधून ठेवू नका. बसल्या जागी करावं लागलं की झोपायची जागा घाण न करण्याची उपजत सवय मोडते आणि ती परत लावणं फार जिकिरीचं असतं.

पुसण्याबद्दल. फिनाईलचा वास आपल्या नाकाला शूवर मात करतो, तिच्या नाही. शिवाय ती पंजे चाटते, आणि फिनाईल पोटात जाणं वाईटच. आधी जुन्या फडक्याने दाबून टिपा, घासू नका, घासलं की पसरतं. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर भरपूर ओता, शू जिथवर मुरली तिथवर पोचलं पाहिजे, पंधरा मिनिटं राहू द्या. ते नसेल तर टाईल्सवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. पण शहाबादी फरशी असेल तर व्हिनेगर अजिबात नको: तो चुनखडीचा दगड आहे, आम्लाने डाग कायमचे पडतात. ब्लीचही नको, शूतल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू होतो. छोट्या कुत्र्यांची शू चमचा-दोन चमचे असते आणि सोफ्यामागे ती दिसतच नाही, म्हणून एकदा रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्चने सगळे कोपरे तपासा. दीड महिना पायपुसणी, सतरंज्या, जमिनीवर लोळणारी चादर, सगळं उचलून ठेवा. सोलापुरी चादरीइतकी शोषून घेणारी आणि मऊ जागा तिला दुसरी मिळणार नाही. वाळूऐवजी वर्तमानपत्र पसरणार असाल तर ध्यानात घ्या की सकाळी सासऱ्यांनी वाचून खाली ठेवलेला पेपरही मग तिचाच.

पाहुणे आले किंवा सासरे दारात दिसले की लोळण घेऊन दोन थेंब सोडते, असंही तुम्ही लिहिलंय. तो वेगळा प्रकार, भीती-आनंदाचा. शिकवण्याशी त्याचा संबंध नाही. आल्या आल्या तिच्याकडे बघू नका, वाकून हात लावू नका, ती शांत झाली की बसून बोलवा. वाढत्या वयात बहुतेकींचं आपोआप थांबतं. दिवाळीच्या फटाक्यांत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानावर दारूकाम होतं तेव्हा, शिकलेलं पिल्लूही घरात करून ठेवतं. तेवढे दोन-तीन दिवस दोरी आणि ट्रेच्या फेऱ्या पुन्हा वाढवायच्या.

लस पूर्ण झाल्यावर, साधारण चार महिन्यांनंतर, ट्रेमधली मूठभर ओली वाळू बाहेर ठरलेल्या झाडाखाली टाका आणि सकाळची पहिली शू तिथे करवा. ट्रे लगेच काढू नका. छोट्या चणीच्या कुत्र्यांना पूर्ण भरवशाचं व्हायला सहा महिने, काहींना वर्षही लागतं.

मात्र दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब करत असेल, कुंथत असेल, शूत लाली दिसत असेल किंवा झोपेत अंथरूण ओलं होत असेल तर सवयीच्या मागे लागू नका. मादी पिल्लांत मूत्रमार्गाचा संसर्ग बऱ्याचदा दिसतो. सकाळच्या पहिल्या शूच्या वेळी मागून पसरट, धुतलेलं झाकण सरकवा, स्वच्छ बाटलीत भरा आणि दोन तासांच्या आत पशुवैद्यांकडे पोचवा.

डायपरचं विचारलंत: प्रवासापुरता ठीक, घरात नको. ओलं अंगावर घेऊन बसायची सवय लागते आणि ट्रेवर केल्याचं बक्षीस द्यायची संधीही जाते.