वाचकांचे प्रश्न : बाटलीतले, मातीतले आणि बॅटरीतले अँटिमनी

प्रश्न : उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेल्या बाटलीबंद पाण्यात अँटिमनी उतरते म्हणतात. ते पाणी फेकून द्यावे का?

उत्तर : उतरते, हे खरे. अँटिमनी हे विषारी धातुसदृश मूलद्रव्य आहे. पेट, म्हणजे या बाटल्यांचे प्लास्टिक, तयार करताना उत्प्रेरक म्हणून अँटिमनी ट्रायऑक्साइड वापरतात. त्यातले किलोमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम अँटिमनी प्लास्टिकमध्येच अडकून राहते. म्हणजे २५ ग्रॅमच्या बाटलीत सुमारे ६ मिलिग्रॅम. आकडा दचकवणारा आहे, पण नेहमीच्या तापमानात लिटरभर पाण्यात सहसा एक मायक्रोग्रॅमही उतरत नाही, म्हणजे साठ्याचा सहा हजारावा भागसुद्धा नाही.

खरा फरक पाडते ते तापमान. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पाण्यातले प्रमाण लिटरला ६ मायक्रोग्रॅमवर जायला ६० अंश सेल्सिअसला १७६ दिवस लागले, ६५ अंशांना ३८, ७० अंशांना १२ आणि ८५ अंशांना जेमतेम सव्वा दिवस. तेव्हा एका दुपारच्या उन्हाने बिघडत नाही. पत्र्याच्या तापत्या शेडमध्ये महिनोन्‌महिने रचून ठेवलेल्या पेट्या मात्र टाळाव्यात, आणि या बाटल्यांत उकळते पाणी ओतू नये. उतरलेले अँटिमनी उकळून जात नाही. पाणी आटते, प्रमाण उलट वाढते.

प्रश्न : लिटरभर पिण्याच्या पाण्यातल्या अँटिमनीची अमेरिकेची मर्यादा ६ मायक्रोग्रॅम, युरोपची १० आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०. खरी कोणती?

उत्तर : एकच ‘खरी’ अशी नसते. संघटनेचे गणित बघा : शरीराच्या किलोमागे दिवसाला ६ मायक्रोग्रॅम चालतात असे धरले, तर ६० किलोच्या माणसाला ३६० होतात. त्यातला दहावा हिस्सा पाण्याला, म्हणजे ३६. दिवसाला दोन लिटर पाणी धरले की १८ येतात, त्याचे २० केले. युरोपने २०२० मध्ये मर्यादा ५ वरून १० वर नेली. या सगळ्या मर्यादा एकूण अँटिमनीच्या आहेत, आणि खरे तर तेच अपुरे आहे, कारण त्रिसंयुजी (संयुजा तीन असलेले) अँटिमनी पंचसंयुजीपेक्षा (संयुजा पाच) पुष्कळ विषारी असते.

प्रश्न : नेमबाजीच्या मैदानाच्या मातीत शिसे आणि अँटिमनी सापडले. चुना मिसळण्याचा सल्ला मिळाला आहे. योग्य आहे का?

उत्तर : शिशासाठी ठीक, अँटिमनीसाठी उलटा. गोळीतले शिसे कठीण व्हावे म्हणून त्यात काही टक्के अँटिमनी घालतात. हवा आणि ओल लागली की ते पंचसंयुजी होते आणि पाण्यात ऋणभारित आयन म्हणून फिरते. शिशाचा आयन धनभारित. चुन्याने सामू (पीएच) वाढला की मातीच्या कणांवर ऋणभार वाढतो : शिसे चिकटते, अँटिमनी ढकलले जाते आणि पाण्याबरोबर खाली झिरपते. फॉस्फेट घातले तरी तोच घोटाळा, कारण फॉस्फेटही ऋणभारित असल्याने मातीतल्या त्याच जागा बळकावते.

अँटिमनीला धरून ठेवतात ती लोहाची ऑक्साइडे. आधी चाळून गोळ्यांचे तुकडे काढा, नाहीतर साठा तसाच राहतो. मग मातीच्या वजनाच्या सुमारे २ टक्के लोह-ऑक्साइड किंवा लोखंडाचा कीस मिसळा. फेरिक सल्फेट वापरलेत तर त्याची आम्लता मारण्यापुरता चुना लागेल; तेवढाच घाला. सगळे मैदान उकरण्याआधी छोटी चाचणी घ्या : ४ मिलिमीटर चाळणीतली माती एक भाग, पाणी दहा भाग, २४ तास हलवा, गाळा आणि पाण्यातले शिसे व अँटिमनी दोन्ही मोजा. नुसते शिसे मोजून ‘उपाय यशस्वी’ असा शेरा मारणारे अहवाल मुळीच दुर्मीळ नाहीत. शेवटची गोष्ट निचऱ्याची. पाणी तुंबून प्राणवायू संपला की लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि धरलेले अँटिमनी सुटते.

प्रश्न : एकाच मातीचे दोन प्रयोगशाळांचे आकडे चौपटीने वेगळे आले. नमुना बदलला असेल का?

उत्तर : आधी पाचनाची, म्हणजे मोजण्यापूर्वी माती आम्लात विरघळवण्याची, पद्धत विचारा. नुसत्या नायट्रिक आम्लात अँटिमनीची अविद्राव्य ऑक्साइडे होतात आणि आकडा कमी येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल हवेच. अम्लराज (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक) चालते. पाण्याचा नमुना असेल तर पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीत घ्या. पेटच्या बाटलीत घेतलात तर बाटलीच मोजली जाईल.

प्रश्न : जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज करताना खोलीत कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो अँटिमनीचा का?

उत्तर : असू शकतो. आतल्या शिशाच्या जाळीत अँटिमनी असलेली बॅटरी जास्त चार्ज झाली की हायड्रोजनबरोबर स्टिबाइन (अँटिमनी आणि हायड्रोजनचे संयुग) हा वायू निघतो. मात्र तापलेल्या बॅटरीतून हायड्रोजन सल्फाइडही असाच वास देते, आणि दोन्ही घातक. वास ओळखत बसू नका. बाहेर पडा, दारे उघडी ठेवा, खोलीबाहेरूनच पुरवठा तोडा. स्टिबाइन तांबड्या पेशी फोडते. डोकेदुखी, मळमळ, पाठीत किंवा पोटात दुखणे आणि नंतर गडद लघवी ही लक्षणे दिसली तर ताबडतोब रुग्णालयात जा आणि ‘स्टिबाइनची शक्यता’ हे शब्द डॉक्टरांना सांगा.

नंतर चार्जर तपासा. प्रति सेल सुमारे २.४ व्होल्टच्या पुढे वायू भराभर सुटतो. हायड्रोजन वर चढतो, स्टिबाइन हवेच्या चौपट जड असल्याने खाली बसतो, म्हणून झरोका छताशी हवा आणि जमिनीलगतही.