सुशीत मासा नंतर, आधी भात

तुम्ही विचारलंय की कंपनीच्या कामाने टोकियोला जायचंय, तिथले लोक सुशीला नेणारच, पण कच्चा मासा घशाखाली उतरणार नाही. शिवाय बरोबरचा सहकारी पक्का शाकाहारी. मी टोकियोतल्या निशी-कासाईत बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. सुशी ठरते ती भातावरून. आखूड दाण्याचा चिकट भात शिजवायचा, गरम असतानाच त्यात तांदळाचा व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवायचं आणि वारा घालत तो कोमट करायचा. 'सुशी' शब्दाचा मूळ अर्थच आंबट. गंमत म्हणजे पूर्वी हा भात फेकून द्यायचे! खारवलेला मासा भातात महिनोन् महिने दाबून ठेवायचा, भात आंबायचा, मासा टिकायचा आणि खायचा फक्त मासा. बिवा सरोवराकाठी फुनाझुशी अजून तशीच करतात. वास असा, की आपलं सुकट-बोंबील त्यापुढे अत्तर. पुढे व्हिनेगर आलं, आंबवायची वाट बघणं संपलं आणि 1820 च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हातगाडीवर उभ्याउभ्या खायची निगिरी रुळली. तेव्हाचा घास आजच्या दुप्पट-तिप्पट असे. वडापावच म्हणा ना.

निगिरी म्हणजे मुठीत दाबलेला भाताचा लांबट गोळा आणि वर एक काप. माकी म्हणजे नोरी या समुद्री शेवाळाच्या कागदात केलेली गुंडाळी. भात बाहेर आणि नोरी आत असेल तर उरामाकी. कॅलिफोर्निया रोल त्यातलाच, पण तो अमेरिकेकडचा, त्यासाठी टोकियोला जायला नको. गुनकान म्हणजे नोरीची उभी भिंत आणि आत माशाची अंडी. ओसाकाकडे लाकडी साच्यात दाबून वड्या पाडतात, ती ओशीझुशी. चिराशी म्हणजे वाडग्यात भात आणि वर सगळं पसरलेलं.

आता तुमचं. कच्चं नको ना? मग एबी (उकडलेली कोळंबी), तामागो (गोडसर ऑम्लेट) आणि उनागी किंवा आनागो मागवा. ही दोन्ही वामसारखी लांबट मासळी, शिजवून वर गोडसर सॉस लावलेली. हे पचलं की एकदा मागुरो खाऊन बघाच. आपला कुपा तो, लालभडक, आणि वास जवळपास नाहीच.

शाकाहारी मित्रासाठी काप्पामाकी, म्हणजे काकडीची. काम्प्योमाकी ऐकून तो चकित होईल: आपल्याच दुधीच्या जातीच्या भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या सोया सॉस-साखरेत शिजवून घालतात. पण इथेच मेख आहे. त्या पट्ट्या आणि इनारीझुशीची, म्हणजे भात भरलेल्या सुशीची, टोफूची पिशवी बहुतेकदा दाशी नावाच्या रश्शात शिजवतात, आणि दाशी बव्हंशी सुकवलेल्या माशाची असते. दिसायला शाकाहारी, आत मासा. 'दाशी हाइत्ते इमास का?', म्हणजे 'यात दाशी आहे का?', एवढं वाक्य पाठ करून ठेवा.

हाताने खाल्लं तरी चालतं, उलट सोपं पडतं. निगिरी आडवी करून माशाची बाजू सोया सॉसला टेकवायची. मी पहिल्यांदा भाताची बाजू बुडवली, घास वाटीतच विरघळला आणि शितं चॉपस्टिकने वेचत बसलो. वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवी चटणी, बऱ्याचदा आधीच आत असते; नको असेल तर 'साबी-नुकी' म्हणा. आलं घासागणिक नाही, एक मासा संपवून दुसऱ्याकडे वळताना खायचं.

पहिल्या खेपेला फिरत्या पट्ट्याच्या दुकानातच जा. ही कल्पना 1958 ची, ओसाकातली. चित्रं असलेल्या स्क्रीनवरून मागवता येतं, बोलावं लागत नाही आणि साधी ताटली दीडशे येनच्या आसपास पडते. फक्त टेबलाजवळच्या काळ्या बटणाच्या नळाखाली हात धरू नका. तो हिरव्या चहाच्या उकळत्या पाण्याचा असतो. माझ्या मेव्हण्याने धरला होता.