गॅलिलिओ ‘पाखंडी’ होता का?

प्रश्न असा आहे: “एका लेखात ‘चर्चने गॅलिलिओला पाखंडी ठरवले’ असं वाचलं. पाखंडी म्हणजे ढोंगी ना? मग इथे ‘नास्तिक’ हा शब्द नको का?”

‘नास्तिक’ तर नकोच. गॅलिलिओ शेवटपर्यंत श्रद्धावान कॅथलिक होता, त्याच्या दोन्ही मुली मठात जोगिणी झाल्या होत्या. त्याच्यावरचा आरोप देव न मानल्याचा नव्हता. धर्मात राहून धर्मपीठाला अमान्य असलेलं मत धरल्याचा होता. त्याला मराठीत नेमका शब्द आहे पाखंड, आणि तो लेखकाने बरोबर निवडला आहे. चुकलं आहे ते ‘ठरवले’ हे क्रियापद. पण आधी शब्दाकडे पाहू.

पाखंड आला संस्कृत ‘पाषण्ड’वरून. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोक म्हणतो की राजा सगळ्या ‘पासंडां’चा सन्मान करतो. तिथे पासंड म्हणजे नुसता पंथ, त्यात निंदेचा लवलेशही नाही. मनुस्मृतीपर्यंत येता येता हवा पालटली. चौथ्या अध्यायात कोणाचा शब्दानेही सत्कार करू नये याची यादी आहे. तिच्यात पाषंडी, बैडालव्रतिक म्हणजे मांजरासारखं सोवळं मिरवणारे ढोंगी, आणि हैतुक म्हणजे कारणं विचारत तर्क लढवणारे, असे तिघंही एकाच श्लोकात बसले आहेत. म्हणजे पाषंडी आणि ढोंगी ही तेव्हा वेगवेगळी माणसं होती. आज पाखंड म्हटलं की ढोंगच आठवतं, त्यात हिंदीचा वाटा मोठा आहे. मराठीत मात्र ‘पाखंड मत’, ‘पाखंडखंडन’ या प्रयोगांत जुना अर्थ अजून जिवंत आहे, आणि तो आपण सांभाळायला हवा. (त्या ‘हैतुकां’च्या रांगेत गॅलिलिओ अगदी शोभून दिसला असता!)

मला या शब्दात खरा आनंद होतो तो पुढच्या गोष्टीचा. युरोपीय भाषांत यासाठी जो शब्द आहे (इंग्रजीत ‘हेरेसी’) तो ग्रीक ‘हायरेसिस’वरून आला. त्याचा मूळ अर्थ निवड, मग निवडलेला पंथ किंवा विचारसंप्रदाय, आणि चर्चच्या तोंडी तो गुन्हा झाला. पाषण्डाने जो प्रवास इकडे केला तोच त्याने तिकडे केला. इतका जुळणारा प्रतिशब्द क्वचित मिळतो.

आता क्रियापद. 22 जून 1633 रोजी रोममधल्या सांता मारिया सोप्रा मिनर्व्हाच्या मठात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, निकाल दिला. त्यात गॅलिलिओ ‘पाखंडाचा प्रबळ संशय असलेला’ असं म्हटलं आहे. हे शब्द सौम्यपणा म्हणून घातलेले नव्हते, त्या न्यायव्यवस्थेत ती स्वतंत्र पायरी होती: हलका संशय, प्रबळ संशय आणि प्रत्यक्ष पाखंड. संशयिताला मत सोडण्याची संधी असे. प्रबळ संशयावरून मत सोडल्याची शपथ घेऊन कोणी पुन्हा त्याच मतावर गेला, तर मात्र तो उलटलेला पाखंडी समजला जाई आणि त्याची गाठ जाळण्याच्या शिक्षेशी असे. इटालियन तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनो मत सोडायला तयार झाला नाही, तो पाखंडी ठरला आणि 1600 साली रोममध्ये जाळला गेला. त्याच्यावरचे आरोप मुख्यतः धर्मतत्त्वांबद्दलचे होते, त्यामुळे दोघांची नावं एका दमात घेताना जपावं.

तसंच ‘गॅलिलिओने माफी मागितली’ हेही खटकतं. एकोणसत्तर वर्षांच्या त्या माणसाला गुडघ्यांवर बसवून जे वाचायला लावलं, त्याची क्रियापदं होती: त्याग करतो, शाप देतो, धिक्कार करतो. सूर्य मध्यभागी स्थिर आहे आणि पृथ्वी फिरते, या मताचा तो शपथेवर केलेला त्याग होता. माफी चुकीबद्दल मागतात. इथे त्याच्याकडून स्वतःचं मतच शापून घेतलं गेलं, आणि ‘माफी’ लिहिलं की त्यातली जबरदस्ती दिसेनाशी होते.

म्हणून मी ते वाक्य असं लिहीन: ‘इन्क्विझिशनने गॅलिलिओवर पाखंडाचा प्रबळ संशय ठेवला, त्याला शपथेवर मतत्याग करायला लावला आणि मरेपर्यंत नजरकैदेत ठेवलं.’ वाक्य लांबतं खरं, पण त्यातला एकही शब्द गाळू नये.