ड्रग्जविषयीच्या ऑनलाइन चर्चांवर पोलीस खरंच नजर ठेवतात का? व्हीपीएन लावला की भागतं का?

हो, ठेवतात. आणि नाही, व्हीपीएनने, म्हणजे आपला इंटरनेट पत्ता झाकणाऱ्या सेवेने, भागत नाही.

तुम्ही लिहिलंय की अशा फोरमवर तुम्ही फक्त वाचता, क्वचित एखादा प्रश्न टाकता, आणि मित्र म्हणतो व्हीपीएन चालू असला की कोणाच्या बापाला कळत नाही. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि दर वेळी चिडतो, म्हणून हे लांबलचक उत्तर. "नजर" म्हटलं की लोकांना चोवीस तास स्क्रीनसमोर बसलेला अधिकारी आठवतो. त्याची गरजच पडत नाही. लिहिलेलं तिथंच पडून राहतं आणि ज्याला हवं तो दोन वर्षांनी येऊन वाचतो.

सिल्क रोड या ड्रग्जच्या छुप्या ऑनलाइन बाजाराचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, पण तो चालवणारा रॉस उलब्रिच्ट सापडला कसा हे नीट वाचा. २७ जानेवारी २०११ ला श्रूमरी या नशेच्या मशरूमवाल्यांच्या फोरमवर 'अल्टॉइड' या टोपणनावाने एक पोस्ट पडली: अशी एक नवी साइट दिसली, कोणी वापरून पाहिली का? दोन दिवसांनी बिटकॉइनटॉक या बिटकॉइनवाल्यांच्या फोरमवर त्याच नावाने तसंच काहीतरी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्याच अल्टॉइडने बिटकॉइनटॉकवर कामाला जाणकार माणूस हवाय म्हणून जाहिरात टाकली आणि संपर्कासाठी स्वतःच्या नावाचा जीमेल पत्ता दिला. २०१३ मध्ये गॅरी अल्फोर्ड या अमेरिकी कर खात्याच्या तपास अधिकाऱ्याने गुगलवर तारखेची मर्यादा घालून सिल्क रोडचा सगळ्यात जुना उल्लेख शोधला आणि अल्टॉइडपर्यंत पोहोचला. सिल्क रोड ज्यावर चालायचा ते टॉर हे ओळख लपवणारं जाळं फोडलं नाही, कोणाचा फोन ऐकला नाही. तुमच्या-माझ्या हातात असलेलंच गुगल वापरलं.

पुढचं आणखी बोलकं आहे. मार्च २०१२ मध्ये उलब्रिच्टने स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर स्वतःच्या नावाने प्रश्न टाकला, कोड लिहून टॉरवरच्या छुप्या सेवेला कसं जोडायचं. मिनिटभरात चूक लक्षात आली आणि नाव बदलून 'फ्रॉस्टी' केलं. पण दुकानाची पाटी बदलली म्हणून वहीतली नोंद पुसली जात नाही. सिल्क रोडच्या सर्व्हरवर शिरायच्या डिजिटल किल्लीच्या (एसएसएच) शेवटी तेच 'फ्रॉस्टी' निघालं. त्यातच सिल्क रोडच्या फोरमवर देखरेख करणाऱ्या 'सिरस' नावाच्या मॉडरेटरचं खातं जेरेड डेर-येगायन या होमलँड सिक्युरिटीच्या (अमेरिकी अंतर्गत सुरक्षा खात्याच्या) अधिकाऱ्याने ताब्यात घेऊन चालवायला सुरुवात केली होती. १ ऑक्टोबर २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क ग्रंथालयात उलब्रिच्ट बसलेला असताना सिरसनेच चॅटवर त्याला तक्रार आलेला एक मेसेज बघायला सांगितलं. तो अ‍ॅडमिन म्हणून आत शिरला, आणि शेजारी भांडणाचं नाटक करणाऱ्या साध्या वेशातल्या पोलिसांनी चालू लॅपटॉप उचलला. बंद झाला असता तर एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीला लागणारं सांकेतिक कुलूप, आडवं आलं असतं.

म्हणजे ज्याच्याशी तुम्ही विश्वासाने बोलताय तो मॉडरेटरच पोलीस असू शकतो. २०१७ मध्ये तर अख्खा बाजारच पोलिसांचा होता. डच पोलिसांनी २० जून ते २० जुलै हान्सा हा ड्रग्जचा छुपा ऑनलाइन बाजार स्वतः चालवला. मेसेज एन्क्रिप्ट होण्याआधीच त्यांची प्रत ठेवायची आणि विक्रेत्यांच्या फोटोंतली ठिकाणाची माहिती आपोआप पुसली जायची ती सोय बंद करायची, असे बदल त्यांनी केले. मधेच ५ जुलैला अल्फाबे हा तसाच दुसरा बाजार बंद पाडला गेला, आणि तिथली गर्दी आपल्या पायांनी चालत पोलिसांच्या दुकानात आली.

आता आपल्याकडचं. २० डिसेंबर २०१८ च्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली १० यंत्रणांना संगणकावरची माहिती मिळवण्याचा अधिकार मिळाला, त्यात एनसीबी, म्हणजे केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग, आहे. पण उघड्या फोरमवर वाचायला त्याचीही गरज नाही. खात्यामागचा माणूस हवा असेल तर कंपनीला नोटीस जाते. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ७२ तासांत माहिती द्यायची असते: नोंदणीचा ईमेल, फोन नंबर, लॉगिनच्या वेळा, आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक). मग तो आयपी मोबाइल कंपनीकडे जातो. इथे खरी गोची आहे. आपल्याकडे एकाच आयपीमागे एका वेळी शेकडो ग्राहक असू शकतात, त्यामुळे त्यांतला नेमका ग्राहक ओळखायला पोर्ट क्रमांक (जोडणीचा आणखी एक आकडा) आणि सेकंदापर्यंत वेळ लागते. विदेशी कंपनीची वेळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, आपली साडेपाच तास पुढे. तो हिशोब चुकला की पोलीस भलत्याच घरी. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवरच्या मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुणाला उचललं आणि त्याने येरवड्यात सुमारे ५० दिवस काढले. सेवा पुरवठादाराने आयपी भलत्याच ग्राहकाच्या नावे दाखवला होता. "मी काही केलेलं नाही, मग मला कसली भीती" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

व्हीपीएन या साखळीतली एकच कडी झाकतो, आयपीची. तुम्ही खातं रोजच्याच जीमेलने उघडलं असेल, टोपणनाव इन्स्टाग्रामवरचंच असेल, तर झाकलं काय? शिवाय २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क आणि दिलेले आयपी ५ वर्षं जपून ठेवायचे आहेत. काही विदेशी कंपन्यांनी त्यामुळे इथले सर्व्हरच हलवले. मोफत व्हीपीएनवर तर मी एक मिनिटही विश्वास ठेवणार नाही.

आणि आपल्याकडे बहुतेक वेळा घात करतो तो फोन. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादला पोलीस रस्त्यात लोकांना थांबवून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'गांजा' शब्द शोधत होते, त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. स्क्रीन उघडी असली की एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनचा उपयोग शून्य. समोरच्याच्या फोनमध्ये तेच चॅट असतं, आणि बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू केलं नसेल तर गुगल ड्राइव्हवरची प्रत उघडीच राहते. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर त्यातलं ठिकाण तसंच जातं. मात्र चॅट सापडलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. त्याच महिन्यातल्या मुंबईच्या क्रूझ जहाजावरच्या ड्रग्ज प्रकरणात उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅप चॅटमध्ये कटाचा पुरावा दिसत नाही असं जामिनाच्या आदेशात म्हटलं. आणि नुसत्या स्क्रीनशॉटच्या छापील प्रतीने भागत नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कायदेशीर प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तेच बजावलं.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे. नुसतं वाचणं हा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधी, कायद्याखाली गुन्हा नाही. अमुक गोळीबरोबर तमुक घेतलं तर काय होतं हे विचारणंही नाही. पण "पुण्यात कुठे मिळेल?" असं लिहिलंत की प्रयत्न आणि कटाच्या कलमांचं, २८ आणि २९ चं, दार तुम्हीच उघडलंत, आणि उत्तर देणारा कोण आहे हे तुम्हाला माहीत नाही. असं लिहू नका. आरोग्याचं विचारायचं तर वेगळा ईमेल, कुठेही न वापरलेलं टोपणनाव, आणि गाव, कॉलेज, नोकरी यांतलं काही नाही. हे पोलिसांपेक्षाही जास्त नातेवाईक, नोकरी देणारे आणि उद्या फुटणारा डेटा यांच्यासाठी. लपवण्यासारखं काही नसेल तर नाव का लपवता, असं मला नेहमी ऐकवलं जातं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी तसं एकमताने सांगितलंय. नाव उघडं पडेल या भीतीने मित्र बेशुद्ध पडलेला असताना पोरं विचारत नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. तशा वेळी फोरम सोडा, १०८ लावा आणि काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा.

मी वकील नाही, नोटीस आली तर वकीलच गाठा. व्यसन सोडायचं असेल तर १४४४६ ही सामाजिक न्याय मंत्रालयाची हेल्पलाइन आहे. १९३३ एनसीबीची आहे, दोन्हींत गल्लत करू नका. स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला चालत नाही, एनडीपीएसचं कलम ६४अ. पण उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं, आणि व्यापारी प्रमाणाला ते लागूच नाही.