पाणी कुठपर्यंत येते, ते आधी बघून या

प्रश्न : ताई, आमचे लग्न अडीच महिन्यांवर आले आहे. समुद्रकिनारी, पौर्णिमेच्या संध्याकाळी, फक्त ऐंशी पाहुण्यांच्या उपस्थितीत ते करायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले. साच्यातले लग्न नको, त्यातल्या प्रत्येक गोष्टीत आम्ही दिसलो पाहिजे, म्हणून मी मोठ्या कंपनीकडे काम न सोपवता त्या किनाऱ्याजवळचेच मंडपवाले, फुलवाल्या मावशी, लाइटवाले आणि फोटोग्राफर एकेक करून शोधले आणि सगळ्यांना साठ फोटोंची फाईल पाठवली. माझ्या भावी नणंदेला मात्र हे मान्य नाही. ‘तिथली माणसं ऐन वेळी तोंडघशी पाडतील, सगळं एका कंपनीकडे दे,’ हे ती रोज ऐकवते आणि रोज आमचा वाद होतो. त्यात मंडपवालेही तिचे खरे करून दाखवायला निघाले आहेत. कमान, कापड, रंग यांतले काही विचारले तर धड उत्तर नाही. प्रत्येक फोनवर ‘पाणी कुठपर्यंत येतं ते एकदा येऊन बघा’ एवढेच. इतका निरुत्साह मी कुठे पाहिला नाही. मंडपवाले बदलावेत का? आणि नणंदेला कसे समजवावे? – अस्वस्थ वधू

उत्तर : तुमच्या पत्रात नणंदेचा राग पुष्कळ आहे आणि मंडपवाल्यांना तुम्ही जाता जाता दोन-तीन वाक्यांत आटोपले आहे. मी त्या वाक्यांपाशीच थांबणार आहे, कारण तुमच्या लग्नाविषयी आजवर कोणी उपस्थित केलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांतच दडलेला आहे आणि त्याचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही. ‘पाणी कुठपर्यंत येतं ते एकदा येऊन बघा.’ यात तुम्हाला निरुत्साह दिसला. मला कळकळ दिसते. आपण रोवलेल्या खांबांखाली कोणाचे तरी लग्न लागणार आहे, याची काळजी असलेला माणूसच प्रत्येक फोनवर तेच ते सांगतो. आगाऊ रक्कम घेऊन मोकळे व्हायचे असते, तर त्यांनी तुमच्या साठही फोटोंना मान डोलावली असती.

तुम्ही पौर्णिमा निवडली ती चांदण्यासाठी, हे उघड आहे. परंतु पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळपास एका रेषेत येतात, सूर्याची आणि चंद्राची ओढ एकत्र पडते आणि त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येला, किंबहुना त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. हीच उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराला येते ती भांगाची. तिला तेवढा जोर नसतो. न्यूटनने १६८७ मध्ये यामागचे कारण मांडले, पण समुद्रावर पोट असलेल्या माणसांना तिथी आणि पाणी यांचे नाते त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होते, आणि तुमचे मंडपवाले त्यांच्यातलेच दिसतात. तुम्ही तारीख सांगितल्याबरोबर त्यांनी मनात तिथी मोजली असणार आणि तुम्ही वाळूच्या ज्या पट्ट्यावर कमान आखली आहे, तिथे त्यांना पाणी दिसले असणार.

‘थोडे मागे सरकू’ असे म्हणून ही गोष्ट भागत नाही. वाळूचा उतार वीस मीटरला एक मीटर असा असेल, तर पाणी नेहमीपेक्षा अर्धा मीटर जास्त चढले की त्याचा काठ दहा मीटर आत येतो; उतार पन्नास मीटरला एक मीटर इतका मंद असेल, तर तोच काठ पंचवीस मीटर आत येतो. आता तुमच्या ऐंशी खुर्च्या मांडून बघा. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच खुर्च्या धरल्या तरी आठ ओळी होतात, त्यांना आठ मीटर लागतात आणि पुढे तुम्ही उभे राहणार ती जागा वेगळी. म्हणजे ज्या दहा मीटरांचा आपण हिशेब करतो आहोत, तेवढ्यातच तुमचे सारे लग्न बसलेले आहे. शिवाय हा झाला शांत हवेचा हिशेब. वारा समुद्राकडून जोरात वाहत असेल तर पाणी आणखी चढते, हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की साधारण एक सेंटीमीटर चढते आणि या सगळ्याच्या वर लाटेची झेप असते. भरतीच्या छापील वेळापत्रकात यांतले सूर्य-चंद्राच्या ओढीचे गणित तेवढे असते. तुमच्या कमानीपुढची वाळू त्यात कुठेही नसते.

आता तुमच्या फाईलविषयी बोलते. साठ फोटो पाठवण्यात गैर काही नाही, परंतु ते फोटो दुसऱ्या कोणत्या तरी किनाऱ्यांवर, दुसऱ्या वाऱ्यात, दुसऱ्या कोणाच्या लग्नांत काढलेले आहेत. तुम्ही तिथल्या माणसांना काम दिले हे फार चांगले केलेत, पण त्यांना ते दिलेत साठ परक्या फोटोंची नक्कल करण्यासाठी. तिथली माणसे घ्यायची ती त्यांना जे ठाऊक आहे त्यासाठी. ते न विचारता फक्त त्यांचे हात वापरायचे असतील, तर तुम्ही म्हणता ते साच्यातले लग्न अजून सुटलेले नाही, एवढेच की साचा तुम्ही स्वतः निवडला आहे. हे मी कठोरपणे लिहीत आहे याची मला कल्पना आहे. तरीही लिहिते, कारण तुमचे लग्न तुमच्यासारखे व्हावे ही तुमची ओढ मला मनापासून पटते आणि ती साठ फोटोंत विरून जाऊ नये असे वाटते.

कमानीबद्दल त्यांनी उत्तर दिले नाही, त्याचेही कारण मला समजते. कोरड्या वाळूत साधी खुंटी धरत नाही; ती ओढली की अलगद वर येते. त्यासाठी वाळूने भरलेली पोती किंवा आडवी फळी खोल पुरून तिला दोर बांधावा लागतो, आणि तो खड्डा कुठे घ्यायचा हे पाणी कुठपर्यंत येते यावरच अवलंबून असते. मोकळ्या कापडावर वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की कापडावरचा ताण चौपट होतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि बहुधा तिसऱ्या प्रहरी त्याला सर्वाधिक जोर असतो. संध्याकाळी तो मंदावतो. तुमचा मंडप उभा राहणार तो नेमका त्या जोराच्या तासांत आणि पाहुणे येणार ते वारा पडल्यावर. पातळ, लांब, झुळझुळीत पडदे हवेत असे तुम्ही फाईल दाखवून म्हणता, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दुपारी तीनची वेळ येते. ताशी २० ते २८ किलोमीटर वाऱ्याला धूळ आणि सुटे कागद उडू लागतात, आणि उघड्या किनाऱ्यावर असा वारा ही काही विशेष घटना नव्हे.

हीच गोष्ट बाकीच्यांचीही आहे. फुलवाल्या मावशींना खारा वारा कोणती पाकळी तासाभरात सुकवतो हे ठाऊक असते. लाइटवाल्यांना हे ठाऊक असते की वाळूत समुद्री कासवांची घरटी असतील, तर रात्री बाहेर पडणारी पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात आणि दिव्यांच्या माळांमुळे पाण्याऐवजी जमिनीकडे भरकटतात. तसा हंगाम असेल तर माळा लावायच्याच नाहीत, याला माझ्या मते दुसरा पर्याय नाही. आणि फोटोग्राफरला तुम्ही पौर्णिमेविषयी काय सांगितले आहे, ते एकदा विचारून घ्या. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूने उगवतो. सरळ किनाऱ्यावर सूर्य पाण्यात बुडणार असेल, तर चंद्र तुमच्या पाठीमागून, जमिनीवरून वर येणार. दोन्ही पाण्यात मिळत नाहीत. खुर्च्यांची तोंडे कुठे करायची हे यावरून ठरते आणि तिथे रोज संध्याकाळी असणारा माणूस ते हात करून दाखवू शकतो.

नणंदेला कसे समजवावे, हे मी सांगणार नाही, कारण या प्रश्नात तुम्ही आणि ती एकाच बाजूला उभ्या आहात. तिथल्या माणसांना काही कळत नाही असे ती म्हणते, आणि तिथल्या एका माणसाने तुम्हाला न आवडणारी खरी गोष्ट सांगितल्याबरोबर तुम्ही त्याला बदलायला निघालात. कंपनीला काम दिले तरी त्या वाळूत खांब कोणीतरी रोवणारच आहे. फरक एवढाच की त्याने काही विचारले तर ते तुमच्या कानापर्यंत पोहोचणार नाही. वाद घालण्यात घालवलेल्या संध्याकाळींपैकी एक जरी तुम्ही त्या किनाऱ्यावर घालवली असती, तर तिला सांगण्यासारखे तुमच्याकडे पुष्कळ असते.

म्हणून मी तुम्हाला एकच गोष्ट करायला सांगते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाकाठी दोन भरत्या येतात, त्यांच्यात साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. परंतु एकाच किनाऱ्यावर प्रत्येक पौर्णिमेला ती घड्याळाच्या जवळजवळ त्याच वेळेवर परत येते. म्हणजे लग्नाच्या संध्याकाळी पाणी साधारण कुठे असेल, हे आधीच्या पौर्णिमेला तिथे उभे राहून डोळ्यांनी पाहता येते. पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी येते. लग्नाला अडीच महिने आहेत, तेव्हा मध्ये दोन पौर्णिमा पडतात आणि त्यांतली पहिली पंधरवड्यावर आहे. त्या दिवशी दुपारी तुम्ही दोघांनी तिथे जायचे. दुसऱ्या पौर्णिमेसाठी थांबू नका, कारण तोवर पत्रिकेवर वेळ आणि जागा छापून झालेली असेल आणि मग जे दिसेल ते नाकारण्याकडे मन झुकेल.

तिथे पोहोचलात की मंडपवाल्यांना कापडाविषयी काही विचारू नका. आपण आखलेली जागा त्यांना दाखवा आणि त्यांच्या शेजारी थांबा. वाळूवर शेवाळाची आणि काटक्यांची एक रेघ दिसेल. ती मागच्या भरतीची खूण. तिच्या वर, कोरड्या वाळूत, आणखी एक जुनी, तुटक रेघ शोधा; ती मागच्या उधाणाची. त्या दोन रेघांमधले अंतर पावलांनी मोजा, मग ठरलेल्या वेळेला दोघे कमानीच्या जागी उभे राहा आणि पायाला पाणी लागते का ते बघा. उधाण सगळ्या महिन्यांत सारखे नसते, तेव्हा लग्नाच्या महिन्यात पाणी याहून वर येते की खाली राहते, हेही त्यांनाच विचारा. रस्त्यापासून तिथवर म्हाताऱ्या माणसाला चालवत न्यायचे तर घट्ट वाळू कोणत्या बाजूला आहे, लाटांच्या आवाजात मागच्या ओळीला तुमचा शब्द ऐकू येईल का, ती जागा वापरायला परवानगी कोणाची लागते, हे प्रश्न तिथे उभे राहिल्यावर तुमच्या तोंडून आपोआप निघतील. त्यांची उत्तरे ऐकून जागा हलवावी लागली, वेळ दोन तासांनी बदलावी लागली, किंवा पौर्णिमा सोडून भांगाचा दिवस घ्यावा लागला, तर तेही त्याच संध्याकाळी, तिथेच ठरवून टाका.

फोन आजच करा. ‘काका, तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत, मी ऐकलं नाही, आता येते,’ एवढे म्हणा आणि किती वाजता यायचे ते त्यांनाच ठरवू द्या. साठ फोटोंची ती फाईल त्या दिवशी घरीच ठेवा; पाणी उतरायला लागल्यावर आणि ते स्वतः ‘मंडप इथे घालू या’ म्हणाल्यावर, तिच्यातला कोणता फोटो त्या जागेला शोभेल हे तुम्हाला न बघताही आठवेल.