वाचक विचारतात : रेझिनचा कॉकपिट बसेना, रंग टिकेना

या खेपेचे जवळपास सगळे प्रश्न मिग-२१च्या मॉडेलवरचे आहेत. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला या विमानाला निरोप दिला गेला, त्यानंतर ते साहजिकच आहे. किटमधला प्लास्टिकचा कॉकपिट काढून त्याजागी रेझिनचा तयार संच बसवताना येणाऱ्या अडचणींची उत्तरं इथे देत आहोत.

रेझिनचा टब (कॉकपिटची पेटी) आत ठेवला की फ्युजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन अर्धे भाग मिटतच नाहीत. वरचा सांधा दीड-दोन मिलिमीटर उघडा राहतो. संच याच १:४८च्या (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढ्या) किटसाठीचा आहे. मग चुकतंय कुठे?
— एक वाचक, मिरज

चुकत बहुधा काही नाही, घासायचं काम बाकी आहे. साच्यातून टब येतो तो खालच्या, ओतताना उरलेल्या रेझिनच्या ठोकळ्यासकट. ठोकळा कुठे संपतो आणि टबाचा तळ कुठे सुरू होतो हे न बघता करवत चालवली की तळ मिलिमीटरभर जाड राहतो, आणि या विमानात तेवढीही जागा नसते. पुढच्या चाकाची खोबण कॉकपिटच्या तळाखालीच आहे. नाकातून आत शिरणारी हवा कॉकपिटच्या दोन्ही अंगांनी मागे जाते. म्हणजे टबाची खालून आणि बाजूंनी, सगळीकडूनच कोंडी.

आधी तळ उरका. ठोकळा एका दमात कापू नका, रेषेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर ठेवून कापा आणि उरलेलं ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर घासा. कागद सपाट काचेवर ठेवायचा, पाणी घ्यायचं आणि टब गोल-गोल फिरवायचा. सीट आणि कंट्रोल स्टिकसारख्या बारीक भागांना सोनारी करवत उत्तम. २/० किंवा ३/० नंबरची पाती सोनारी हत्यारांच्या दुकानात मिळतात. हॅक्सॉच्या पात्याने सीटचा कोपरा उडालाच म्हणून समजा.

तळ झाला की बाजू. कुठे अडतंय हे अंदाजाने ठरवू नका. फ्युजलाजच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळा, टब कोरडाच आत ठेवा, दोन्ही भाग हलकेच दाबा आणि उघडा. रेझिनवर जिथे काळे डाग उठले तिथेच घासायचं. पाच-सहा वेळा हे करावं लागतं, त्याला इलाज नाही. टबाची भिंत आधीच कागदासारखी असेल तर रेझिनला हात न लावता प्लास्टिक आतून पातळ करा. किती पातळ? मागे टॉर्च धरा. भिंतीतून उजेड सगळीकडे सारखा झिरपला पाहिजे. एखाद्या जागी तो एकदम पिवळट, लख्ख दिसला तर तिथे थांबा. पुढे गेलात तर बाहेरच्या पॅनेल-रेषेतून आरपार भोक पडेल.

सांधा आपसूक मिटायला लागल्यावरच चिकटवा. प्लास्टिकचं सिमेंट रेझिनला धरत नाही, कारण ते प्लास्टिक विरघळवून जोडतं आणि रेझिन त्यात विरघळत नाही. सुपर ग्लू चालतो, पण टबासाठी पाच मिनिटांची इपॉक्सी बरी, कारण हलवायला वेळ मिळतो. टब एकाच अर्ध्या भागाला चिकटवा आणि दुसरा अर्धा भाग नुसता चिकटपट्टीने बांधून रात्रभर ठेवा. असं केलं नाही तर टब तिरका सुकतो आणि सगळी घासाघाशी वाया जाते.

घासताना धूळ उडू देऊ नका. रेझिनची म्हणजे पॉलियुरेथेनची पूड फुप्फुसाला वाईट, म्हणून पाणी लावूनच घासा आणि तोंडावर रुमाल नव्हे, एन-९५ मास्क घ्या.

रेझिनवरचा प्रायमर नखाने खरवडला की पापुद्र्यासारखा निघतो. भाग साबणाने धुतले होते.
— विश्रामबाग, सांगली

कधी धुतले होते? बरेच जण पाकीट उघडल्या-उघडल्या धुतात, मग कापतात, घासतात, तळहातावर घेऊन बघतात आणि थेट रंगवतात. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर पहिल्या धुण्यात गेला, तरी हाताचं तेल आणि घासण्याची पूड नंतर बसतेच. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, जुना मऊ टूथब्रश हे सगळं घासून झाल्यावर पुन्हा एकदा करायचं. खाचाखोचांतून ब्रश फिरवा, स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळा आणि एक दिवस सुकू द्या. त्यानंतर भाग टूथपिकवर किंवा चिमट्यातच धरायचा.

दुसरं कारण प्रायमरचं. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्रायमर रेझिनवर नुसता बसतो, रुतत नाही. लॅकर जातीचा प्रायमर घ्या. मिस्टर सर्फेसर १५०० त्याच्याच थिनरमध्ये एकास दोन पातळ करून, ०.३ मिलिमीटरच्या एअरब्रशने, १५-१८ पीएसआय दाबावर, सात-आठ सेंटिमीटरवरून दोन हलके हात पुरे. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुवायला ठेवा. रंगात घातलंत तर शेजारच्या प्लास्टिकवर जाऊन ते वितळवतं.

प्रायमर मारल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतील. ते रेझिनमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे. सुईच्या टोकाने सुपर ग्लूचा थेंब सोडा आणि तासाभरात घासून टाका. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलात तर ग्लू रेझिनपेक्षा टणक होतो, मग आजूबाजूचं झिजतं आणि ठिपका तसाच राहतो.

जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारला की वर पांढरट धुकं येतं. तोच डबा मार्चमध्ये ठीक होता.
— वाई

डबा आजही ठीकच आहे. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगात अडकतं. वाईच्या पावसात हे होणारच, आणि तिथून घाट चढून पाचगणीला गेलात तर विचारूच नका. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली येईल त्या दिवशीच मारा. कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा फिल्टर लावा आणि तो दर वेळी रिकामा करा. धुकं आलंच असेल तर खरवडू नका. रिटार्डर (रंग सावकाश सुकवणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला की थर पुन्हा मऊ होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं.

मिग-२१च्या बिस या प्रकाराचा कॉकपिट नेमका कुठल्या रंगाचा आणि कोणत्या क्रमाने रंगवावा?
— कराड

बिस (आपल्याकडचं टाइप ७५) हिरवट-निळ्या टर्कॉइजमध्ये असतं. रंगाआधी एक खातरजमा करा : संच खरंच बिसचा आहे ना? टाइप ७७ म्हणजे एफएल या दुसऱ्या प्रकाराची कॅनोपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) पुढच्या बिजागरीवर उघडते आणि सीटही वेगळी आहे. त्यात इजेक्शनच्या वेळी, म्हणजे वैमानिक सीटसकट बाहेर फेकला जाताना, कॅनोपीच वैमानिकाची ढाल होऊन सोबत जायची. बिसची कॅनोपी उजवीकडे उघडते आणि सीट केएम-१. एफएलच्या डिकल्सखाली (पाण्याने चिकटवायच्या खुणांच्या चित्रांखाली) बिसचा कॉकपिट म्हणजे धोतरावर टाय.

आता क्रम. प्रायमरवर आधी सगळीकडे काळा. मग टर्कॉइजचे दोन पातळ हात वरून, ४५ अंशांच्या कोनातून मारा, म्हणजे पेडलांखाली आणि कोपऱ्यांत काळा राहतो आणि सावली फुकटात मिळते. डब्यातला टर्कॉइज १:४८ला भडक वाटतो. दहा थेंबांत एक थेंब पांढरा मिसळा. त्यानंतर ०००च्या ब्रशने डायल आणि स्विचबोर्ड काळे करा आणि सीटची लाल हँडल रंगवा. एक दिवस सुकवून ग्लॉस वार्निश, पुन्हा एक दिवस, मग वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) : बर्न्ट अंबर तैलरंग एक भाग, टर्पेंटाइन आठ-दहा भाग. टर्कॉइजवर काळा वॉश घाणेरडा दिसतो, तपकिरीच घ्या. ग्लॉसशिवाय वॉश दिलात तर तो खाचेत न धावता डागासारखा पसरेल. शेवटी मॅट वार्निश आणि प्रत्येक डायलवर काचेसाठी ग्लॉसचा एक थेंब.

एक गोष्ट विसरू नका. समोरच्या पॅनेलवर मधोमध उभी पांढरी रेघ असते. विमान स्पिनमध्ये (गिरक्या घेत कोसळण्यात) सापडलं तर स्टिक त्या रेघेच्या सरळ पुढे ढकलायची, अशी ती खूण. ब्रशने ती वाकडी येते. पांढऱ्या डिकलची ०.३ मिलिमीटरची पट्टी कापून लावा.

कॅनोपी चिकटवल्यावर दुसऱ्या दिवशी आतून पांढरी पडली.
— सातारा

सुपर ग्लूच्या वाफा. बंद जागेत त्या काचेवर बसतात. कॅनोपीला पांढरा फेविकॉल लावा, सुकल्यावर तो पारदर्शक होतो. टब सुपर ग्लूने चिकटवला असेल तर कॅनोपी लावण्याआधी दोन दिवस उघडा ठेवा.

१:७२च्या मिगला रेझिनचा कॉकपिट घ्यावा का? कॅनोपी बंदच ठेवणार आहे.
— इस्लामपूर

नको. बंद कॅनोपीतून दिसतो तो सीटचा माथा आणि पॅनेलची वरची कड. किटमधल्या सीटला मास्किंग टेपचे पट्टे लावा. खरा पट्टा साधारण ४५ मिलिमीटर रुंद धरला तर १:७२ला ०.६ मिलिमीटर होतो (१:४८ला जवळपास १). टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने कापा, खाकी रंगवा आणि बकलच्या जागी चंदेरी ठिपका द्या. वाचलेल्या पैशांत चांगला प्रायमर येईल.